साउथवर्कची जॉर्ज सराई

लंडन ब्रिज नांवाचा पूल ओलांडून टेम्स नदीच्या दक्षिण तीरावर उतरलें कीं जी वस्ती लागते, तिचें नांव साउथवर्क. लिहिण्यांत हें नांव असें असलें तरी बोलतांना इंग्रज माणूस त्याचा उच्चार 'सदक' असा कांहींसा करतो. या वस्तींतून दक्षिणेकडे जाणारा जो हमरस्ता आहे, त्याला बरो हाय स्ट्रीट म्हणतात. त्या रस्त्यानें जातांना डाव्या हाताच्या घरांच्या रांगेंत मधूनमधून अरुंद बोळ दिसतात. त्यांपैकीं एका बोळांत शिरलें म्हणजे रस्त्यावरचा गलबला मागें पडतो आणि समोर एक लांबट फरसबंद चौक दिसतो. चौकाच्या उजव्या बाजूस एक जुनी इमारत उभी आहे. तळमजल्याला लहान लहान कांचांच्या खिडक्या. वर, इमारतीच्या एका भागाला, एकावर एक असे लांकडी कठड्यांचे दोन सज्जे. आणि या सज्ज्यांच्या रेषा वयोमानानें किंचित् वांकलेल्या. हीच जॉर्ज सराई. सज्जे असलेली जुनी सराई म्हणून लंडनमध्यें आज हिच्याखेरीज दुसरी उरलेली नाहीं.

चौकाच्या उरलेल्या बाजूंना मात्र या इमारतीशीं जुळेल असें कांहींहि नाहीं. पाहणाऱ्याला प्रथम वाटतें कीं सराई मुळांतच अशी एकाकी बांधली असावी. वस्तुतः ती चौक मध्यें धरून बांधलेली मोठी वास्तु होती. आज दिसतो तो तिचा फक्त दक्षिणेकडील सोपा. बाकीचे सोपे आगीनें गेले नाहींत कीं युद्धानें गेले नाहींत. ते कायदेशीर मालकानें, भर दिवसा, उपयोगाच्या हिशेबानें पाडून टाकले. एक बाजू कां पडली आणि दुसरी कां वांचली, या प्रश्नाच्या उत्तरांतच या सराईचा खरा इतिहास आहे.

मद्यगृह म्हटलें कीं आपल्याकडील वाचकाच्या डोळ्यांपुढें दारूचा गुत्ता उभा राहतो. इंग्लंडांतील जुनी सराई आणि गुत्ता यांत मोठें अंतर होतें. गुत्त्यांत माणूस पिण्यासाठीं जाई. सराईंत तो मुक्कामासाठीं येई. त्याला तेथें जेवण मिळे, बिछाना मिळे, त्याच्या घोड्याला तबेला आणि वैरण मिळे, आणि या सर्वांबरोबर बिअरहि मिळे. सराईवाल्याचें नातें केवळ दुकानदाराचें नसे. इंग्लंडच्या परंपरागत कायद्याप्रमाणें, जागा असेल आणि पाहुणा मोल देण्यास तयार असेल तर प्रवाशाला दारांतून परत लावण्याचा त्याला अधिकार नव्हता. पाहुण्याचें सामान सराईंतून चोरीला गेलें तर त्याची भरपाई सराईवाल्यानें करावयाची, हें तत्त्व न्यायालयानें १५८४ सालींच स्पष्ट केलें होतें. ज्या काळीं रस्ते असुरक्षित होते आणि रात्रीचा प्रवास धोक्याचा होता, त्या काळीं सराई ही समाजाच्या व्यवहारांतील एक आवश्यक संस्था होती, हें यावरून ध्यानांत येईल.

अशा सराया साउथवर्कमध्येंच इतक्या दाटीनें कां उभ्या राहिल्या, याचें कारण भूगोलांत आहे. लंडनचा जुना दगडी पूल १२०९ सालीं पुरा झाला. पुढें १७५० सालीं वेस्टमिन्स्टरचा पूल खुला होईपर्यंत लंडन शहरापाशीं नदी ओलांडण्यास दुसरा पूलच नव्हता. केंट, ससेक्स, सरे या दक्षिणेकडील परगण्यांतून आणि समुद्रापलीकडील युरोपांतून लंडनला येणारा सारा माणूस, माल आणि वार्ता या एकाच वाटेनें येत. पुलाच्या वेशी रात्रीं बंद होत. ज्याला उशीर झाला त्याला अलीकडेच मुक्काम करावा लागे. ज्याला पहांटे दक्षिणेकडे निघावयाचें असे तोहि आदल्या सायंकाळीं पूल ओलांडून येथें येऊन राही. शिवाय गाडीवानांना आपल्या अवजड गाड्या शहराच्या अरुंद गल्ल्यांत घालण्यापेक्षां माल येथेंच उतरविणें सोयीचें पडे. परिणाम असा झाला कीं बरो हाय स्ट्रीटच्या पूर्व बाजूस सरायांची एक रांगच उभी राहिली. जॉन स्टो या इतिहासकारानें १५९८ सालीं लंडनचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांत त्यानें येथील सरायांचीं नांवें ओळीनें दिलीं आहेत. त्यांत टाबर्ड आहे, किंग्ज हेड आहे, क्वीन्स हेड आहे, हार्ट आहे, आणि जॉर्जहि आहे.

या रांगेंतील दोन शेजारणींची ओळख करून घेतल्याशिवाय जॉर्जचें महत्त्व कळणार नाहीं. पहिली टाबर्ड. इंग्रजी काव्याचा आद्य पुरुष जो जेफ्री चॉसर, त्यानें चौदाव्या शतकाच्या अखेरीस रचलेल्या 'कँटरबरी टेल्स' या ग्रंथाचा आरंभ या सराईंत होतो. ११७० सालीं कँटरबरीच्या मंदिरांत आर्चबिशप टॉमस बेकेट याचा वध झाला. तेव्हांपासून त्याच्या समाधीच्या दर्शनाला यात्रेकरूंची रीघ लागली. लंडनकडील यात्रेकरू साउथवर्कमध्यें जमत आणि तेथून सुमारें साठ मैलांची वाट चालूं लागत. आपल्याकडे दिंडींत जसा वतनदार आणि मोलकरी एका टाळाच्या ठेक्यावर चालतो, तसाच चॉसरच्या त्या मेळ्यांत सरदार, मठवासिनी, दळणवाला आणि स्वयंपाकी एकत्र येतात. वाटेनें प्रत्येकानें गोष्ट सांगावी, ही कल्पना त्या काव्यांत कोणा पंडिताला सुचत नाहीं. ती सराईच्या यजमानाला सुचते. सराई हें भिन्न थरांच्या माणसांना एका छपराखालीं आणणारें स्थळ होतें, याची याहून उत्तम साक्ष कोणती?

दुसरी शेजारीण व्हाइट हार्ट, म्हणजे स्टोच्या यादींतील हार्ट. १४५० सालीं केंट परगण्यांतील लोकांनीं जॅक केड याच्या पुढारीपणाखालीं राजाच्या सल्लागारांविरुद्ध बंड केलें. लंडनवर चाल करून आलेल्या केडनें आपलें ठाणें याच सराईंत दिलें होतें. पुलाचा ताबा कोणाचा, यावर त्या बंडाचें भवितव्य ठरावयाचें होतें. पुलावर रात्रभर झुंज झाली, लंडनकरांनीं पूल राखला आणि बंड मोडलें. यात्रा असो कीं बंड असो, दक्षिणेकडून निघालेली प्रत्येक हालचाल या सरायांच्या चौकांतून जात होती.

चौकाची रचना समजली म्हणजे त्याचा आणखी एक उपयोग सहज ध्यानांत येतो. रस्त्याकडून गाडी आंत येण्यापुरती एक कमान, आंत मोकळा चौक, चोहोंबाजूंनीं खोल्या आणि त्या खोल्यांपुढून फिरणारे सज्जे. चौकांत फळ्यांचें व्यासपीठ मांडलें कीं नाट्यगृह तयार! सामान्य प्रेक्षक खालीं चौकांत उभा राहील, चार पैसे अधिक देणारा वर सज्ज्यांत बसेल, आणि कमानीपाशीं एक माणूस उभा केला म्हणजे फुकट्यांची चिंता नाहीं. नदीपलीकडे शहरांतील बेल सॅव्हिज, बुल यांसारख्या सरायांच्या चौकांत सोळाव्या शतकांत नाटकें होत असत. जेम्स बर्बेज यानें १५७६ सालीं शोअरडिच येथें नाटकांसाठीं स्वतंत्र इमारत उठविली. त्यानंतर साउथवर्कच्याच नदीकाठीं १५८७ सालीं रोझ आणि १५९९ सालीं ग्लोब हीं नाट्यगृहें उभीं राहिलीं. त्या सर्वांत मधला मोकळा चौक आणि भोंवतीं मजल्यांचे सज्जे हीच रचना होती. सरायांनीं इंग्रजी रंगभूमीला आपला सांचा दिला, असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं.

या संबंधामुळें एक लोकप्रिय समजूत रूढ झाली आहे कीं आजच्या जॉर्ज सराईंत बसून शेक्सपियरनें बिअर घेतली. ही समजूत टिकण्याजोगी नाहीं. शेक्सपियर १६१६ सालीं मरण पावला. त्यानंतर साठ वर्षांनीं, १६७६ च्या मे महिन्यांत, साउथवर्कला भयंकर आग लागली आणि तींत सुमारें पांचशें घरें भस्मसात् झालीं. त्यापूर्वीं दहा वर्षें, १६६६ सालीं, नदीच्या उत्तरेकडील लंडन जळालें होतें. आतां पाळी दक्षिण तीराची आली. टाबर्ड, व्हाइट हार्ट आणि जॉर्ज या तिन्ही सराया या आगींत गेल्या. आज उभी आहे ती जॉर्जची इमारत १६७७ सालीं पुन्हां बांधलेली. शेक्सपियरनें पाहिलेली जॉर्ज ती ही नव्हे. परंतु बांधणाऱ्यांनीं नवा नकाशा काढला नाहीं. जुन्याच जागेवर, जुन्याच पद्धतीनें, चौक आणि सज्जे राखून ती उठविली. त्यामुळें भिंती जरी सतराव्या शतकाच्या असल्या तरी रचना त्याहून पुष्कळ जुनी आहे. एखाद्या खेड्यांत देऊळ नवें असतें आणि स्थान प्राचीन असतें, त्यांतलाच हा प्रकार.

अठराव्या शतकांत इंग्लंडांत टोलाचे रस्ते झाले, ठराविक वेळीं सुटणाऱ्या घोडागाड्या सुरू झाल्या, आणि सरायांचा खरा भरभराटीचा काळ आला. जॉर्जच्या चौकांतून केंट, सरे आणि ससेक्सकडे जाणाऱ्या गाड्या सुटत. बिअरला जो कडवटपणा येतो तो हॉप नांवाच्या वेलीच्या फुलांमुळें. ही वेल केंटमध्यें मुबलक पिकते आणि तिचा लंडनमधील मोठा बाजार साउथवर्कमध्येंच होता. तेव्हां उतारूंच्या गाड्यांबरोबर मालाच्या गाड्यांचीहि येथें वर्दळ असे. तळमजल्यावर आज जी जुन्या लांकडी तावदानांची बैठकीची खोली आहे, ती गाडीवानांची आणि गाडीची वाट पाहणाऱ्या उतारूंची जागा. तिच्या शेजारची खोली म्हणजे कॉफी पिण्याची, अधिक सभ्य समजली जाणारी बैठक. निजावयाच्या खोल्या वर, सज्ज्यांना लागून. खालीं घोडे जोडले जात असतांना वरच्या सज्ज्यांत नोकर धांवपळ करीत पाहुण्यांना उठवीत असतील, हें चित्र कल्पिण्यास फारसा प्रयास पडत नाहीं.

या काळाची एक खूण सराईंत अजून टांगलेली आहे. तें एक मोठ्या तबकडीचें भिंतीवरचें घड्याळ. या जातीच्या घड्याळांना 'पार्लमेंटच्या कायद्याचीं घड्याळें' असें गमतीचें नांव पडलें आहे. १७९७ सालीं मुख्य प्रधान धाकटा पिट यानें घड्याळांवर कर बसविला. दर घड्याळामागें वर्षाला पांच शिलिंग. गोष्ट अशी सांगतात कीं कराच्या भयानें लोकांनीं आपलीं घड्याळें काढून टाकलीं आणि गिऱ्हाइकांच्या सोयीसाठीं सरायांनीं अशीं मोठीं घड्याळें लावलीं. खरी हकीकत वेगळी आहे. अशीं घड्याळें त्या कायद्याच्या पुष्कळ वर्षें आधींपासून बनत होतीं, आणि घड्याळ करणाऱ्या कारागिरांचा धंदाच बसूं लागल्यामुळें तो कर दुसऱ्या वर्षीं रद्द झाला. सरायांना मोठें घड्याळ लागे याचें कारण साधें होतें. गाडी ठरल्या मिनिटाला सुटत असे, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून घड्याळाप्रमाणें वागण्याची संवय समाजाला ज्या ठिकाणीं प्रथम लागली त्यांत सरायांचा चौक होता.

दैवाची चमत्कारिक योजना अशी कीं या सरायांना अमर करणारा लेखक आणि त्यांना मारणारें यंत्र हीं दोन्ही एकाच वर्षीं पुढें आलीं. चार्लस् डिकन्सच्या वडिलांना १८२४ सालीं कर्जापायीं मार्शलसी तुरुंगांत जावें लागलें. हा तुरुंग बरो हाय स्ट्रीटवर, या सरायांपासून हांकेच्या अंतरावर होता. बारा वर्षांचा चार्लस् कारखान्यांत बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटविण्याचें काम करी आणि वडिलांना भेटण्यास या वस्तींत येई. पुढें १८३६ सालीं त्याची 'पिकविक पेपर्स' ही कादंबरी महिन्यामहिन्यानें प्रसिद्ध होऊं लागली. त्या कादंबरींतील सॅम वेलर हें जगप्रसिद्ध पात्र वाचकांना प्रथम भेटतें तें व्हाइट हार्टच्या चौकांत, बूट पुसत असतांना. नंतरच्या 'लिट्ल डॉरिट' या कादंबरींत जॉर्जचा नांवानिशीं उल्लेख येतो. आणि त्याच १८३६ च्या डिसेंबरांत लंडन ब्रिजच्या दक्षिण टोंकाशीं, म्हणजे या सरायांच्या जवळजवळ अंगणांत, लंडनचें पहिलें मोठें रेल्वे स्टेशन उघडलें.

घोडागाडी आणि आगगाडी यांची स्पर्धा फार काळ चालली नाहीं. जी वाट तोडण्यास घोड्यांना दिवस लागे ती आगगाडी कांहीं तासांत तोडूं लागली. प्रवाशाला मुक्कामाची जरूरच उरली नाहीं. मग सराईची जरूर कोठून राहणार? तबेले ओस पडले, निजावयाच्या खोल्या किरकोळ भाड्यानें जाऊं लागल्या आणि चौक मालाच्या गांठोड्यांनीं भरूं लागले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जॉर्जची मालकी तिच्या पाठीमागें असलेल्या गाइज् इस्पितळाकडे होती. १८७४ सालीं ती ग्रेट नॉर्दर्न रेल्वे कंपनीनें विकत घेतली. सराईच्या वैऱ्याच्याच हातीं सराई आली. कंपनीला सराई नको होती; शहराच्या दक्षिण भागांत माल सांठविण्यास जागा हवी होती. म्हणून तिनें जॉर्जच्या चौकाच्या बाजू पाडून तेथें गोदामांची सोय केली. दक्षिणेकडील सोपा तेवढा राहिला, कारण त्यांत मद्यगृहाचा धंदा अद्याप चालत होता आणि कंपनीला त्याचें भाडें मिळत होतें. सौंदर्यानें किंवा इतिहासानें हा सोपा वांचविला नाहीं. त्याला वांचविलें तें भाड्यानें, आणि रोज संध्याकाळीं येऊन बसणाऱ्या साध्या गिऱ्हाइकांनीं.

शेजारणींचें नशीब इतकेंहि बलवत्तर नव्हतें. चॉसरची टाबर्ड १८७० नंतरच्या दशकांत पाडली गेली. पिकविकची व्हाइट हार्ट १८८९ सालीं गेली. किंग्ज हेड आणि क्वीन्स हेड यांच्या जुन्या इमारतीहि एकोणिसावें शतक संपण्याच्या सुमारास नाहींशा झाल्या. आज त्यांच्या जागीं बोळांना त्यांचीं नांवें उरलीं आहेत, एवढेंच.

हें सर्व होत असतांना कोणीच हळहळलें नाहीं असें नाहीं. सेंट पॉलच्या मंदिराजवळची ऑक्सफर्ड आर्म्स ही सज्ज्यांची सराई पाडली जाणार असें ठरलें, तेव्हां १८७५ सालीं कांहीं मंडळींनीं जुन्या लंडनचे अवशेष छायाचित्रांत टिपण्यासाठीं एक संस्था काढली. पुढें तिच्या छायाचित्रकारांनीं साउथवर्कच्या सरायाहि टिपल्या. त्या चित्रांत तुटक्या कठड्यांवर वाळत घातलेले कपडे आणि चौकांत उभ्या असलेल्या रिकाम्या गाड्या दिसतात. या मंडळींच्या हातीं कॅमेरा होता, कायदा नव्हता. पार्लमेंटनें १८८२ सालीं प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा पहिला कायदा केला खरा. पण त्याचा कटाक्ष स्टोनहेंजसारख्या इतिहासपूर्व काळांतील दगडांवर आणि टेंकाडांवर होता. ज्या घरांत माणसें राहत आहेत, ज्यांत धंदा चालू आहे, ज्याला मालक आहे, अशा घराला त्यांत स्थान नव्हतें. मालमत्तेचा हक्क त्या काळीं इतका पवित्र मानला जाई कीं निर्जन माळावरील शिळांचेंहि रक्षण करण्यास पार्लमेंटांत अनेक वर्षें वाद घालावा लागला. व्हाइट हार्ट पडली ती हा कायदा झाल्यानंतर सात वर्षांनीं. आणि तिच्यासाठीं त्या कायद्यांत एक ओळहि नव्हती.

जेथें कायदा अपुरा पडला तेथें लोकांची संस्था पुढें आली. १८९५ सालीं ऑक्टेव्हिया हिल, रॉबर्ट हंटर आणि हार्डविक रॉन्सले या तिघांनीं नॅशनल ट्रस्टची स्थापना केली. सुंदर वा ऐतिहासिक जागा मालक होऊनच राखावयाच्या आणि त्या लोकांसाठीं विश्वस्त म्हणून धरावयाच्या, ही त्यांची कल्पना. त्यांतील ऑक्टेव्हिया हिल या बाईंचें साउथवर्कशीं जवळचें नातें होतें. गरिबांना राहण्याजोगीं घरें आणि श्वास घेण्याजोगी मोकळी जागा मिळावी म्हणून त्यांनीं आयुष्य वेंचलें. बरो हाय स्ट्रीटपासून थोड्याच अंतरावर त्यांनीं १८८७ सालीं कामकऱ्यांसाठीं तयार केलेली रेड क्रॉस बाग आजहि आहे. १९०७ सालीं पार्लमेंटनें या संस्थेला खास कायद्यानें असा अधिकार दिला कीं तिनें एखादी मालमत्ता अहस्तांतरणीय म्हणून जाहीर केल्यास ती पुढें विकतां येणार नाहीं. १९१२ सालीं बाई निवर्तल्या. त्यानंतर पंचवीस वर्षांनीं, १९३७ सालीं, जॉर्ज सराई या संस्थेच्या स्वाधीन झाली. देणारी होती लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वे कंपनी, म्हणजे ज्या कंपनीनें सराईचे सोपे पाडले तिचीच वारसदार. एकाच शतकाच्या आंत रेल्वेनें सराईचा धंदा बुडविला, तिचें अंग तोडलें, आणि शेवटीं उरलेला भाग आपल्या हातानें लोकांच्या ओटींत घातला.

दान मिळालें आणि दोनतीन वर्षांतच लंडनवर जर्मन विमानांचा बाँबवर्षाव सुरू झाला. नदीकांठचीं गोदामें आणि रेल्वेचे पूल यांमुळें साउथवर्कनें त्याचा फार मोठा मार खाल्ला. लांकडी सज्ज्यांची ही इमारत त्यांतूनहि वांचली. त्या विध्वंसानें इंग्रजांना एक धडा दिला: कोणतीं घरें राखण्याजोगीं आहेत याची यादी घरें पडण्याच्या आधीं हातीं असली पाहिजे. १९४४ आणि १९४७ सालच्या नगररचनेच्या कायद्यांनीं अशी यादी करण्याची पद्धत सुरू झाली. यादींतील घर मालकालासुद्धां परवानगीवांचून पाडतां किंवा बदलतां येत नाहीं. जॉर्ज सराई या यादींत अगदीं वरच्या, म्हणजे पहिल्या श्रेणींत आहे. १८८९ सालीं ज्या गोष्टीला कोणाची परवानगी लागली नाहीं, तीच आज गुन्हा ठरते.

यादींत नांव असणें आणि नसणें यांत केवढें अंतर आहे, हें लंडनच्याच दुसऱ्या एका मद्यगृहानें अलीकडे दाखवून दिलें. शहराच्या वायव्य भागांत, किल्बर्न आणि मेडा व्हेल या वस्त्यांच्या सीमेवर, कार्लटन टॅव्हर्न नांवाचें १९२० ते १९२१ च्या सुमाराचें मद्यगृह होतें. त्याचें नांव संरक्षित यादींत घालण्याचा विचार चालू होता. निर्णय अगदीं तोंडावर आला असतांना, २०१५ च्या एप्रिलमध्यें, मालकानें परवानगी न घेतां तें यंत्रांनीं पाडलें. शेजारीपाजारी पाहतच राहिले. पण या वेळीं गोष्ट तेथें संपली नाहीं. नगरपालिकेनें हुकूम दिला कीं होतें तसेंच घर पुन्हां बांधून द्या. मालकानें अपील केलें; २०१६ सालीं तें फेटाळलें गेलें. संकटाची शंका आधींच आल्यामुळें घराची नोंद आणि मोजमापें घेऊन ठेवलेलीं होतीं. ढिगाऱ्यांतून विटा आणि फरशा निवडून काढण्यांत आल्या. आणि २०२१ च्या एप्रिलमध्यें तें मद्यगृह पुन्हां गिऱ्हाइकांसाठीं उघडलें. सव्वाशें वर्षांपूर्वीं व्हाइट हार्टच्या वेळीं जें कोणाच्या स्वप्नांतहि आलें नसतें तें येथें घडलें. तरीहि पुन्हां बांधलेलें घर तें पुन्हां बांधलेलेंच. ज्या फळ्यांवरून दोनतीनशें वर्षें माणसांचे हात फिरले त्या फळ्या कोणताहि हुकूम परत आणूं शकत नाहीं.

येथें एक आक्षेप साहजिकच सुचतो. राजवाडे राखावे, मंदिरें राखावीं, हें समजतें. पण दारू विकण्याची जागा राष्ट्रानें कां जपावी? मद्यपानानें इंग्लंडांतील कामकरी संसारांची किती धूळधाण केली, हें त्या देशांतील मद्यनिषेधाच्या चळवळींनीं वारंवार सांगितलें आहे, आणि तें खोटें नाहीं. परंतु जॉर्ज सराई जी राखली गेली ती मद्याच्या गौरवासाठीं नव्हे. राजवाड्याला राजा असतो आणि मंदिराला भक्त असतात; गाडीवान, वाणी, यात्रेकरू, फेरीवाला, गांवाकडून प्रथमच शहरांत आलेला मुलगा, यांच्या इतिहासाला मात्र स्वतःची अशी वास्तु क्वचित्च लाभते. लंडनशीं देशाचा संबंध ज्या चौकांतून जुळत होता त्या चौकांपैकीं हा शेवटचा. तो गेला असता तर चॉसरचे यात्रेकरू कशा घरांतून निघाले, सॅम वेलर कशा सज्ज्यांखालीं बूट पुशीत होता, आणि इंग्रजी नाटकानें आपला सांचा कोठून उचलला, हें दाखविण्यास लंडनमध्यें एक खांबहि उरला नसता.

आज जॉर्जच्या अगदीं जवळ, लंडन ब्रिज स्टेशनला लागून, २०१२ सालीं पुरा झालेला शार्ड नांवाचा तीनशें दहा मीटर उंचीचा कांचेचा मनोरा उभा आहे. चौकांत उभें राहून मान वर केली कीं लांकडी सज्ज्यांच्या वर तो दिसतो. विसाव्या शतकांत या चौकांत शेक्सपियरच्या नाटकांचे प्रयोगहि झाले; खालीं बांकांवर प्रेक्षक, मागें तोच सोपा. सराईचें आजचें काम मात्र पूर्वीचेंच आहे. तिची मालकी नॅशनल ट्रस्टकडे असली तरी तिच्यांत पदार्थसंग्रहालय थाटलेलें नाहीं. भाडेपट्ट्यानें तेथें मद्यगृह आणि खाण्यापिण्याचा धंदा चालतो. निजावयाच्या जुन्या खोल्यांत आतां जेवणाचीं टेबलें आहेत. दुपारीं कचेऱ्यांतील लोक आणि संध्याकाळीं गाडी पकडण्यापूर्वीं घटकाभर टेकणारे उतारू तेथें येतात. रेल्वेनें जिचा धंदा बुडविला, त्या सराईला आज गिऱ्हाईक मिळतें तेंहि पुष्कळसें रेल्वेनेंच आणलेलें.

एकोणिसाव्या शतकांत हा सोपा उरला तो त्याचा उपयोग चालू होता म्हणून. विसाव्या शतकांत तो टिकला तो कायदा आणि संस्था पाठीशीं उभ्या राहिल्या म्हणून. नुसता उपयोग पुरेसा नसतो, कारण उद्यां त्याहून अधिक भाडें देणारा दुसरा उपयोग निघतो. नुसता कायदाहि पुरेसा नसतो, कारण ज्या घरांत कोणी येत नाहीं तें कुलूप लावूनहि हळूहळू पडतेंच. जॉर्जला दोन्ही लाभलीं. तिच्या शेजारणींना पहिलें लाभेनासें झालें आणि दुसरें अद्याप जन्मास यावयाचें होतें. अंतर होतें तें दोनतीन पिढ्यांचें. तेवढ्या अवधींत चौकाच्या बाकीच्या बाजू गेल्या, आणि एक बाजू सांगावयास राहिली.